मेस्तराला बघून शहाणी होणारी गाडी

९ डिसेंबर
गाडी परत बंद. खारेपाटणच्या अलीकडे, चढावर. ना धूर, ना आवाज, एकदम मेली. मागे खाज्याच्या टोपल्या, परात, शेगडी, नि बाजूला नवरा, माझा घोव. पेट्रोलचा काटा गेल्या वर्षीच गेलाय, म्हणून टाकीचं झाकण काढून आत काठी घालून बघितली. पेट्रोल होतं. तोवर घोव रस्त्यात उभा राहून गाऱ्हाणं घालतोय, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. "बा देवा म्हाराजा, लेकराची गाडी अडली हा, ती मार्गाक लाव रे म्हाराजाऽ." झाकण लावलं, चावी फिरवली, सुरू. घोव माझ्याकडे बघतो, बघितलंस? म्हणून.
पुढे परत तेच. जत्रेत पोचलो तेव्हा देवळाच्या दारातली आमची जागा गेलेली. दरवर्षीची जागा. दुसरीच एक खाजं मांडून बसलेली. भांडणार काय, उशीर आमचाच. विहिरीकडे बसलो. तिकडे कोण येतंय? अर्धं खाजं परत आणलं.

१० डिसें.
घोवाने सांगून टाकलं. नाताळ झाल्यावर जामसंड्याकडची जत्रा, तोवर गाडी सुधारली तर सुधारली, नाहीतर भंगारात. सामान त्याच्या धाकट्या भावाच्या टेंपोत टाकायचं नि त्याच्याच दुकानावर बसायचं. म्हणजे सुलूच्या. सुलू माझी धाकटी जाव. मला सांगते, "वैनी, पाकात आला वायच कमी घाला हां." मी ह्या घरात आले तेव्हा हिला स्वतःचा शेंबूड पुसता येत नव्हता. तिच्या हाताखाली झारा हलवू?
गाडी चालवायला मी शिकले. घोव होड्यांची दुरुस्ती करतो, त्याला स्टेअरिंग धरता येत नाही. भंगारात घालायला मात्र पुढे.

११ डिसें.
पास्कू मेस्तराच्या गॅरेजवर नेली. पहिल्याच चावीला सुरू. तो बसला, चर्चपर्यंत गेला, आला. "बाय, ह्या इंजनाक काय्येक झाला नाय."
"तुझ्यासमोर नाय होना. तुका बघून शहाणी होता ती."
"माझो धाकच तसो आसा." दात काढतो मेलो.
प्लग बदलले. गॅरंटी म्हणाला.

१३ डिसें.
आचऱ्याच्या पुढे बंद. गॅरंटी घाल चुलीत.
काठी घातली, पेट्रोल आहे. गाऱ्हाणं झालं. सुरू झाली. घोव म्हणतो देवाने ऐकलं. म्हटलं, एवढा ऐकता तर बंद कित्याक पाडता? घरी येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसला. तेवढीच शांती.

१५ डिसें.
काल रविवार, पा. मेस्तर चर्चमध्ये मिसाला गेलेला, म्हणून आज नेली. कार्बोरेटर सोडवून धुतला. कसली तरी वायर पण आवळली. "आता पडली तर माझा नाव बदल."
त्याला सांगितलं, बाजारात रोज नेते, कधी बंद पडत नाही. सगळा पावसाळा बाजारात नेली, काही नाही. लांब गेलं की मरते. असं का?
"मगे लांब जाव नको."
हे ऐकायला मी ह्याच्याकडे जाते.

१७ डिसें.
सुलू आली. "वैनी, जामसंड्याक जाताना टेंपोत पुढची जागा तुमका ठेवलंय. दादा बसतले मागे टोपल्यांवांगडा." चहा घेतला, माझी जुनी परात घासून ठेवली, गेली. पोरगी वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, सरळ भांडता आलं असतं.

१८ डिसें.
घोव होडीच्या कामावर. मी एकटीच कणकवलीला, बेसन नि गूळ आणायला. येताना बंद. दुपारचं ऊन, रस्त्यावर कुत्रं नाही. काठी घेतली, झाकण फिरवलं आणि फुस्स. टाकीने वारा आत ओढला. चांगला मोठा. जसं कोणी दम कोंडून बसलेलं नि आता सोडलं.
तिथेच उभी राहिले. काठी घातलीच नाही. चावी फिरवली, सुरू.
तेलाचा डबा आठवला. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुटुक गुटुक करून थांबतं. वरच्या बाजूला दुसरं पाडलं की धार लागते. वारा आत जायला नको? जवळ जायचं तर चालते, लांब गेलं की आतला वारा संपतो. मी काठीसाठी झाकण उघडते म्हणून सुरू होते, नि नाव कोणाचं? गाऱ्हाण्याचं. हा बाजूला ओरडत असतो, त्यात फुस्स कुठून ऐकू येणार.
झाकण सैल ठेवून फडकं बांधलं. घरापर्यंत एकदाही थांबली नाही. गूळ तसाच गाडीत टाकून अंगणात झाकण उलटं करून बघितलं. मधे बारीक भोक. त्यात राखाडी लेप. कडक. होडीला लावतात तो.

१८, संध्याकाळ
घोव आला. हातपाय धुऊ दिले नाहीत.
"ह्या भोक कोणी बुजवल्यान?"
"मीच. पावसाच्या आधी तू म्हटलंस ना, गाडीची सगळी भोकां बघा, पाणी येता. पत्र्याची बुजवलंय, झाकणाचाव बुजवलंय."
"झाकणाचा भोक वाऱ्यासाठी असता!"
"माका काय म्हायत? भोक दिसला तर बुजवूचा नाय? भोक ठेवन होडी दर्यात घालतंस?"
"ही होडी आसा काय?"
झाकण हातात घेऊन लेपावर नख मारून बघितलं. मग म्हणतो, "पण काम बरा केलंय मगो. एक थेंब जावचो नाय."
हसू आलं. तोंड फिरवलं, त्याला दिसायला नको.

१९ डिसें.
पा.ने दाभणाने लेप खरवडून काढला. लागला वेळ, घोवाचं काम पक्कं असतं. पा.ला म्हटलं, एवढे दिवस तू काय बघत होतास?
"मी इंजन बघतंय, बाय. झाकण कोण बघता? होडयेवाल्याक गाडयेक हात लावक दिलंस कित्याक?"
घोव बाजूलाच उभा, नख कुरतडत.
मग पा. वाकून परत आत बघत बसला. म्हणाला पेट्रोलचा पंप पण दमलाय. जुना आहे. इतके दिवस ओढून ओढून अजून दमला असेल. चालेल पण.
"गॅरंटी?"
"नाय. आता गॅरंटी देणंय नाय."
ह्या वेळेला त्याच्यावर विश्वास बसला.

२२ डिसें.
कुडाळला जाऊन आलो. झाकण गच्च लावून. कुठेही थांबली नाही, चढाला नाही, सिग्नलला नाही. घोव सगळा वेळ दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून बसलेला. घरात शिरल्या शिरल्या सांगितलं, भावाला फोन करा, टेंपोत आमची जागा नको.
"जत्रेच्या आदल्या दिवशी सांगूया."
"आत्ता."
केला. पलीकडून सुलूने फोन घेतला असणार, घोवाने माझ्या हातात दिला. "वैनी, नक्की मां? मगे पुढच्या जागेर माझ्या आवशीक बसवतंय. ती कधीची मागे लागली हा."
म्हटलं, बसव आईला.
फोन ठेवला. आता परत मागता येणार नाही. बरं झालं.

२५ डिसें.
पा.च्या घरून नाताळचं गोड आलं, गूळ-नारळाचं दोदोल. सोबत निरोप, चढाला जास्त दाबू नको.
बेसन भिजवलं नाही अजून. उद्या दिवसभर तळण.

२७ डिसें.
जामसंड्याकडची जत्रा. दुकान मांडून झालं, गर्दी व्हायला अवकाश आहे, म्हणून लिहिते.
पहाटेच निघालो. गाडी गात होती. मग शेवटच्या चढाला एक गचका. एकच. बंद नाही पडली. वर जाऊन बाजूला घेतली, झाकण उघडलं. फुस्स नाही. वारा जातोय नीट. मग गचका कशाचा? पंप? की खड्डा होता? रस्ता तिथे खराब आहे खरा. घोवाला वाटलं खड्डा. मी पण खड्डाच म्हटलं.
जागा मिळाली. देवळाच्या दाराला लागून, उजव्या अंगाला, हवी तशी. घोवाने बांबू ठोकले, मी खाज्याचा ढीग लावला. आल्याचा वास सुटलाय.
टेंपो आमच्या नंतर आला. सुलूची आवस पुढून उतरली ती कंबरेवर हात ठेवून, तोंडाने आई गो, बाय गो. इंजिन पायाखालीच, म्हातारीचे पाय भाजून निघाले. सुलू माझ्या दुकानाशी आली. उभी राहिली. गाडीकडे बघितलं, खाज्याकडे बघितलं. एक तुकडा उचलून तोंडात टाकला, आल्याबद्दल काही बोलली नाही. मग हळूच, "वैनी, उद्या जाताना माझ्या आवशीक तुमच्या गाडयेतसून न्हेशात? तुमची गाडी आता बरी झाली हा मां?"
"बरी आसा."
"मगे न्हेशात?"
"न्हेतंय. बसव तिका."
गचक्याचं सांगितलं नाही. एका गचक्याचं काय सांगायचं.
उद्या सकाळी निघायचं, तोच चढ आता उतार. पुढे आचऱ्याकडच्या चढाला काय होतं बघू. म्हातारी बडबडी आहे, तिला मागे बसवीन. मला इंजिन ऐकायला लागेल.
गिऱ्हाईक आलं.