कानात घालायचा प्लेअर

अहो,

नानांचा प्लेअर बदलून आणला. तुम्ही आणलेली नुसती गुळगुळीत काच, आंधळ्या माणसाला त्यात काय सापडणार? अलकापुरीतल्या दुकानात त्यांनी चाचपून वर आलेल्या बटणांचा, गाण्याचं नाव बोलून सांगणारा निवडला. स्पीकरवाला मात्र नको म्हणाले. दुकानदाराला गुजरातीत सांगितलं, "भाई, कानात घालायचा दे. मुलगा-सून संध्याकाळी स्वयंपाकघरात मला आश्रमात ठेवायचं बोलतात. त्यांना मोकळेपणी बोलता येईल."

आपण तर नळ सोडून बोलायचो.

मी सुभानपुऱ्याला ताईकडे जाते, घरात बसवेना. वरणभात झाकलाय, नानांना वाढा.

दुकानातून आल्यापासून ते कानात घालूनच बसलेत. त्यात अजून एकही गाणं नाही. गाण्यांचं कार्ड तुमच्या खणातच आहे.

नयना