रॅमला लावलेलं कुंकू

शनिवार, संध्याकाळ. शिरड शहापूर

ताईकडं येऊन आठवडा झाला, अन् आज दाजींचा कंप्युटर मारला असं वाटलं. तांड्यावरच्या पोरांचे कॉलेजचे फॉर्म ते त्याच्यावरच भरतात. सगळ्यांचे कागद त्यात, उद्या शेवटची तारीख. अन् दाजी गेलेले हट्टा गावाला.

लई हळू चालतो म्हणून मी मोठी रॅम आणली, मेमरीची बोटाएवढी पट्टी. ताई म्हणली, "थांब, नवी वस्तू हाय." ओल्या बोटानं हळद-कुंकू लावलं. मीबी हात जोडले! पट्टी बसवली, बटण दाबलं. पडदा काळा, नुसतं बीप बीप. जुनी परत बसवली, तरी तेच.

ताई म्हणली, "तुझे दाजी आले की मीच हात लावला म्हणून सांगीन. तू गप बस."

त्यानं जास्तच भ्या वाटलं. माझ्यापायी तिनं काहून ऐकून घ्यावं? तरी मी आत जाऊन माझी कपड्यांची पिशवी भरली. खरं तेच लिहितो.

चप्पल घालताना बोट लाल दिसलं. कुंकू! पट्टीच्या सोनेरी दातांवरच लागलं असणार, तिथून खाचेत गेलं असणार. भाचीच्या खोडरबरानं दात घासले, खाच कोरड्या ब्रशनं झाडली, नवी पट्टी परत बसवली. बटणाकडं हात जाईना. ताईनंच दाबलं.

चालू झाला.

ती हसली. मग तिला दाराजवळची पिशवी दिसली.

"जेवून तरी जाणार होतास का रे?"

व्हय म्हणलो. खोटं बोललो.