मुकुलचं जे उरलं

४ नोव्हेंबर
मुलुंडला नवी ड्युटी. झकास घर! सातवा मजला, मला वेगळी खोली, खिडकीतून डोंगर. पेशंट विद्याधरकाका, बँकेतून रिटायर. पंधरा दिवसांपूर्वी किडनी बसवलीय, तीही मुलाची. मुकुल अपघातात ब्रेन-डेड झाला, त्याची एक किडनी वडिलांना मिळाली. त्याच्या रक्तात हेपॅटायटिस सी होता, तो काकांकडे आला. डॉक्टरांनी ते आधीच गृहीत धरलं होतं. उद्यापासून रोज एक गोळी, बारा आठवडे, की विषाणू साफ. त्यांच्या बायको उत्तराकाकू प्रेमळ आहेत. मी मढच्या कोळीवाड्यातली हे कळल्यावर खास माझ्यासाठी बोंबील आणले, आणि कल्पिता, तुला आवडले का, असं तीनदा विचारलं.

११ नोव्हेंबर
काका बरे आहेत. गोळ्यांचा डबा काकूच भरतात. त्यांना धीर द्यायला मी म्हटलं, तीन महिन्यांत या आजाराचा मागमूस राहणार नाही. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग विचारलं, विषाणू जिवंत असतो ना? मी हो म्हटलं.

३ डिसेंबर
चार आठवड्यांचा रिपोर्ट. विषाणू कमी व्हायचा तर वाढलाय. डॉक्टर फोनवर माझ्यावरच भडकले. पण एकही गोळी चुकलेली नाही, मी रोज काकांच्या हातावर ठेवते. त्यांचे डोळे पिवळट दिसतात.

५ डिसेंबर
काकू देवळात गेल्यावर मुकुलचं कपाट उघडलं. गोळ्यांची बाटली तिथे, सीलही तुटलेलं नाही. म्हणजे डब्यात व्हिटॅमिनच्या गोळ्या होत्या.
काकूंना विचारलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळं जाळलं गं त्याचं. किडनी यांची झाली. त्याचं जिवंत एवढंच उरलंय, तेही मारू?"

६ डिसेंबर
डॉक्टरांना कळवलं. काकांना उद्या ॲडमिट करणार. काकू म्हणाल्या, बरं केलंस. मग माझं वय विचारलं. कधी कावीळ झाली होती का, तेही.
तपासणीसाठी काकांचं रक्त काढलं, दोन नळ्या. ट्रेमध्ये एकच आहे.

७ डिसेंबर
सकाळी काका हॉस्पिटलला गेले, त्यांचा भाऊ सोबत. काकू गेल्या नाहीत. मी बॅग भरत होते, त्यांनी कॉफी दिली.

जाग आली, साडेतीन. डोकं जड. डाव्या कोपरात टोचल्याची खूण. वर कापूस, नीट चिकटवलेला —

दार बाहेरून बंद. मोबाइल नाही. ओरडले, कोणी —

काकू दारापलीकडे बोलताहेत. माझ्याशी नाही. "मुकुल, नवी जागा आहे रे. सवय होईल."

आता मला हाक मारताहेत. हळू आवाजात. म्हणे, सहा महिने तरी राहायला हवं, म्हणजे तो नीट रुज —