जदानच्या घरची कॉफी

करक, ४ मार्च १९८६

ती. नवफाताईस,
मितेबचा सलाम, वि. वि. इकडे सर्व ठीक असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोलणं मला कधी जमलंय?

आपल्या सक्रच्या ट्रकखाली जो फलाह गेला, त्याच्या घरी काल माफी मागायला गेलो. चाळीस माणसं, पुढे बाबा. फलाहचा थोरला भाऊ जदान याने पहिला पेला बाबांच्या हाती दिला. आता बाबा तो खाली ठेवणार, मागणं मान्य झाल्याखेरीज पिणार नाही म्हणणार, म्हणून आम्ही श्वास रोखून बसलेलो. बाबांनी पेला हुंगला, वेलदोडा अंमळ जास्त झालाय म्हणाले, आणि पिऊन टाकला. वर दुसरा मागितला!

कॉफी घेतलेल्या पाहुण्याला मागायचा हक्क उरत नाही. जदानने जरा वाट पाहिली, मग पुन्हा या म्हणत दारापर्यंत पोचवलं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. रागावू नकोस.
तुझा, मितेब

अकाबा, ९ मार्च

चि. मितेबास अनेक आशीर्वाद.
रागावू नकोस म्हणे! माझा पोरगा कोठडीत, आणि बाबांना वेलदोडा सुचतो! मागण्या घालून ज्यांनी निम्म्या करकची लग्नं जुळवली, त्यांना पेला ठेवायचं आठवू नये? खरं सांग, हे कधीपासून? मागच्या ईदला त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली, तेव्हा मी वेडी हसले. गच्चीवरच्या त्यांच्या कबुतरांची नावं मात्र सगळी पाठ होती.

वकील म्हणतात, त्या घराने माफ केलं तर सक्र लवकर सुटेल, नाहीतर तीन वर्षं. दुसऱ्या कुणाला पुढे घातलं तर बाबांची मान कायमची खाली जाईल, आणि जदान ऐकेल तर त्यांचंच. पुन्हा ने त्यांना. घरी रोज तालीम घे. मी इथे बसून दुसरं काय करू? कशिदा काढते आणि उसवते.
तुझी ताई, नवफा

करक, २१ मार्च

ती. ताईस सलाम, वि. वि.
दहा दिवस तालीम घेतली. आज बाबांनी पेला हुंगलासुद्धा नाही, सरळ खाली ठेवला. मागणं मान्य होईस्तोवर ही कॉफी आम्हाला वर्ज्य, हेही खणखणीत बोलले. आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. मागायचं काय, तेच गेलं होतं, ताई. पुढाऱ्याचं मागणं दुसऱ्याने बोलायचं नसतं. कॉफी पार निवली. शेवटी बाबांनी माझ्यासाठी जदानच्या मुलीचा हात मागितला. जदानला मुलगीच नाही. कुणी हसलं नाही.

जदानने बाबांकडे पाहिलं. मग म्हणाला, काका, ज्यासाठी आलात ते दिलं, घ्या कॉफी. सक्रला माफी मिळाली. सगळ्यांनी पेले उचलले, बाबांनीही. ते खुशीत आहेत, लग्नाची तारीख विचारताहेत.

निघताना जदानने मला बाजूला घेतलं. म्हणाला, म्हाताऱ्याला असं पुढे करून तू माझे हात बांधलेस. भावासाठी मला एकदा नाही म्हणायचं होतं, तेवढंही ठेवलं नाहीस. खरंच होतं ते.

सक्र सुटला की आधी त्याला जदानच्या दारी ने. मी येणार नाही, मला तोंड नाही. तुझी माया असू दे.
तुझा, मितेब