दुसरं सँपल

खुर्सीपार, भिलाई
१० फेब्रुवारी १९९१

माय, तुले अन् बाबाले सविनय जयभीम.

मी बरी आहो, पोटभर जेवून राहिली. गर्भपिशवीच्या कॅन्सरचे मशीनीचे शेक संपले, तवापासून माहं रक्त तपासायले मुंबईले जाते. त्यात या बिमारीचा एक आकडा निघते. तो वाढला तर बिमारी उचल खाते, उतरला तर दबते, असं डॉक्टरीणबाईनं सांगतलं. दिवाळीनंतर तो निम्म्यावर आला.

मले वाटलं, तू पाठवलेले जवसाचे लाडू आता वाटावे. पण तुह्या जावयानं डबाच उचलून आलमारीवर ठेवला. म्हणे, "आमच्या भट्टीत एका सँपलवर कोणी पोलाद ओतत नाही. दुसरं येऊ दे." असा राग आला मले! माहं रक्त का यांच्या भट्टीतलं आहे? तुले कळवूही देलं नाही, म्हणून पत्राले उशीर.

काल दुसरा रिपोर्ट आला. आकडा आणखी खाली! हे ड्युटीवरून आले अन् बूट न काढताच स्टुलावर चढले. लाडू दगडासारखे झाले होते, ते बत्त्यानं फोडून क्वार्टरच्या साऱ्या लाइनीत वाटले. सारखे हसून राहिले होते. मंग न्हाणीत गेले, तं बराच वेळ नळ चालूच होता.

डॉक्टरीणबाई म्हणते, आकडा नुसता इशारा देते. उन्हाळ्यात पुन्हा रक्त जाईल.

बाबाचा खोकला कसा आहे? बिड्या सोडल्या का?

डबा घासून मी पुन्हा आलमारीवरच ठेवला. तो भरायले तूच ये.

तुही,
कांता