शेड बांधायला माणूस निवडताना

अप्पा, नव्या शेडसाठी ठेकेदार निवडताना माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय, आणि त्यात अर्धा दोष तुमचा आहे. आपल्या कुपवाडच्या वर्कशॉपच्या जागामालकाला जागा परत हवी, दिवाळीपर्यंत निघायचंय. तोवर नवीन शेड उभी नसली तर तुमची पाच मशिनं आणि सात कामगार रस्त्यावर. म्हणून म्हटलं, नकाशाही ज्याचा आणि बांधकामही त्याचंच, असा एकच माणूस गाठावा. उगाच नंतर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायला नको.

दोघे आले. पहिला तरणाबांड. त्यानं टॅबवर शेडचं रंगीत चित्र दाखवलं. पुढे हिरवळ, कारंजं, आणि एक गोरी बाई पर्स घेऊन आपल्या वर्कशॉपकडे चाललेली. ती पंपाचा शाफ्ट करून घ्यायला येणार होती का, ते मी विचारलं नाही. दुसरा साठीचा. चहा गार झाला तरी त्याचं चालूच. "ताई, टरक कुठनं वळणार? मोठं लेथ मशिन कुठं बसणार? उद्या त्ये दुरुस्तीला भाईर काढायचं झालं तर? आदी ह्ये सांगा, मग कागदावर रेघ मारू."

तुम्हीही असंच करायचात. गिऱ्हाईक दारात आलं की "कुठल्या पंपाला पायजे? मागचा का तुटला? चालवतंय कोण?" ते वैतागून शेजारच्या वर्कशॉपात जायचं. मी शाळेतून येऊन कोपऱ्यात डबा खात बसलेली असायचे, लाजेनं मान वर व्हायची नाही. एकदा न राहवून म्हणाले, "आवं अप्पा, किती इचारताय?" तर सगळ्यांसमोर खेकसलात, "न इचारता केल्यालं काम माज्या नावानं मोडतंय, तुज्या न्हाई." त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

तर मी चित्रवाल्याला निवडलं. काल त्याचा पक्का नकाशा आला. दार आठ फुटांचं, आणि दाराच्या बरोबर पुढ्यात खांब.

"लेथ आत कसं जाणार?"

"मॅडम, ते नंतर बघून घेऊ."

"नंतर म्हणजे भिंत फोडून?"

"गरज पडली तर."

हे तो अगदी शांतपणे म्हणाला, अप्पा. मी सही न करता कागद परत दिले. तीन आठवडे पाण्यात.

आता त्या दुसऱ्याकडे जायला हवं, आणि तिथंच पाय अडतोय. हे पत्र टपालात टाकायचं नाही, तुम्ही गेलात तिथं पोचणारही नाही, म्हणून खरं ते लिहिते. त्याला मी फोनवर सांगितलं होतं की बांधकामच रद्द झालं. "बरं ताई, कवा काढलं तर सांगा," एवढंच म्हणाला. घरी सांगितलं, माणूस फार वेळखाऊ आहे. दोन्ही खोटं. तो तुमच्या खुर्चीत बसून तुमच्यासारखं विचारत होता, आणि ते तुम्ही नव्हतात, याचा मला इतका राग आला की मी त्याला घालवून दिलं.