गाऱ्हाण्यात शिरलेलं ‘आतलं’

काळाचौकी,
श्रावण वद्य तृतीया

ती. सौ. नलूताईस,

धाकट्या आनंदाचा गुडघे टेकून नमस्कार (तुझे टेकत नाहीत हे ठाऊक आहे, म्हणून दोघांच्या वाटचे मीच टेकले). इकडे सगळं ठीक. दर्शना बरी आहे आणि ती मला बरं म्हणत नाही, म्हणजे नेहमीसारखंच. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचं पोट? अकरा दिवस तुला फोन लावतोय, वाजून वाजून बंद होतो. घोडपदेवात हल्ली रेंज नसते म्हणे. (चालत वीस मिनिटांचं अंतर, इकडे रेंज फुल्ल, पण असेल बाबा.) शेवटी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीवरची बाई पत्ता वाचून म्हणाली, काका, हे हातानंच नेऊन द्या ना. तिला काय सांगू, की त्या दारात उभं राहायची सध्या आपली छाती नाही.

पत्राचा विषय तुझा अनिश. गणपती पंधरा दिवसांवर आलाय, आपल्या घरचं गाऱ्हाणं यंदा देवापुढे कोण घालणार ते ठरत नाहीये, आणि ते माझ्यामुळे ठरत नाहीये असं अख्ख्या खानदानाचं मत आहे. माझं मत, ते अनिशमुळे. आपला चुलतभाऊ विनीत तर म्हणतो, मोबाइलवर कुणाचं तरी रेकॉर्ड केलेलं गाऱ्हाणं लावू, मध्ये जाहिरात आली तर आली. आपल्या अप्पांनी चाळीस वर्षं गिरणीतून येऊन, आंघोळ करून, एका दमात घातलेल्या गाऱ्हाण्याच्या जागी साबणाची जाहिरात! तेव्हा आधी सगळं नीट ऐक, मग कुणाचा कान पिळायचा तो पिळ.

झालं असं, की रिटायर झाल्यावर माझा वेळ जाईना (आणि माझ्यामुळे दर्शनाचा जाईना), म्हणून तुझ्या चिरंजीवानं मागच्या दिवाळीत मला मोबाइलवर एक विकी, म्हणजे विकिपीडियासारखी वही, बसवून दिला. जगाचा नव्हे, माझ्या एकट्याचा. प्रत्येक गोष्टीचं एक पान, पानाच्या पोटात दुसरं पान, त्याच्या पोटात तिसरं, आणि प्रत्येक पानाला टॅग, म्हणजे आपण ऑफिसात फायलीला चिठ्ठी लावायचो ना, तशी चिठ्ठी. चिठ्ठीचं नाव घेतलं की त्या नावाची सगळी पानं पुढ्यात हजर. रेकॉर्ड सेक्शनला बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हातात असलं काही देणं म्हणजे मुंगीला साखरेच्या गोणीत सोडण्यातला प्रकार. होळीपर्यंत माझी सहाशे पानं झाली. ‘घर’ या पानात ‘स्वयंपाकघर’, त्यात ‘डबे’, त्यात ‘दर्शनाने जागा बदललेले डबे’. दर्शना म्हणाली, डबा शोधायला मोबाइल उघडता, त्यापेक्षा डबाच उघडा. तिला पद्धतशीर काम म्हणजे काय ते कळत नाही.

मग मी गाऱ्हाणं हातात घेतलं. अप्पा गेल्यापासून सहा वर्षं मी ते चिठोऱ्यावरून वाचतोय, तुला माहीत आहे. अनिशला मी समजावलं, की बाबा रे, नारळ ठेवून देवाशी बोलायचं, घरोघरची नावं घेऊन ज्याचं त्याचं मागणं मागायचं, आणि जमलेल्यांनी दर मागण्याला ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. दरवर्षी कुणी जन्मतं, कुणी जातं, कुणाची नोकरी सुटते, चिठोरं किती वेळा खोडणार? तो म्हणाला, मामा, नावं लिहूच नका. प्रत्येक घराचं पान करा, त्याला ‘कुटुंब’ टॅग लावा आणि गाऱ्हाण्याच्या पानावर एकच ओळ टाका, की ‘कुटुंब’ टॅगची सगळी पानं इथं दाखव. पोर हुशार आहे, तुझ्यावर गेलंय. (आत्ता कौतुक करतोय म्हणून त्याला माफ केलं असं समजू नकोस.)

आता माणसाच्या डोक्यात घराघराविषयी नुसती नावंच असतात का? बाकीही असतं. ते मी प्रत्येक घराच्या पानात आणखी एक पान करून लिहिलं आणि त्याला ‘आतलं’ असा टॅग लावला. वाईट काही नाही गं, निरीक्षणं. विनीतच्या नव्या टॉवरमधल्या घरी सत्यनारायण होता त्या दिवशी (तू गुडघ्यामुळे आली नाहीस, देवानं तेवढी तरी दया केली) सकाळी मी आवरायला बसलो. टॅग मोजले तर एकशे त्रेचाळीस. रेकॉर्ड सेक्शनच्या शिस्तीत हे बसत नाही. पोटविषय मुख्य विषयाखाली गेलाच पाहिजे, म्हणून मी ‘आतलं’ उचलून ‘कुटुंब’च्या खाली टाकला. विकीनं विचारलं, खालच्या सर्व पानांना हा बदल लागू करायचा का? आयुष्यभर ‘वरीलप्रमाणे सर्वांना लागू’ असं लिहीत आलेला माणूस नाही कसं म्हणेल? केला लागू. त्यासरशी ‘आतलं’ची पानंही ‘कुटुंब’ची होऊन गाऱ्हाण्याच्या पानावर येणार, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आणि इस्त्रीचा सदरा घालून निघालो.

पूजा झाली, आरती झाली, पंचवीस माणसं हात जोडून उभी राहिली आणि मी मोबाइल समोर धरून सुरुवात केली. हे बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरान जी काय सेवा केलेली आसा ती गोड मानून घे रे म्हाराजा! ‘होय म्हाराजा!’ विनीतच्या कुटुंबाक सुखी ठेव रे म्हाराजा! ‘होय म्हाराजा!’ तुला ठाऊक आहे, एकदा ती चाल लागली की तोंड आपलं आपण पळतं आणि डोकं प्रसादाच्या शिऱ्याकडे जातं. त्याच चालीत पुढची ओळ गेली: विनीतनं प्रत्येक खोलीत एसी लावला आणि बापाची खाट गॅलरीत टाकली रे म्हाराजा! आणि ताई, सवय म्हणजे काय चीज आहे बघ, पंचवीस जण एका सुरात म्हणाले, ‘होय म्हाराजा!’ सगळ्यात मोठा आवाज कोंडीरामकाकांचा, म्हणजे त्या खाटेच्या मालकाचा.

कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. पुढचं घर तुमचं. वसंतभावोजी प्रत्येक पंगतीत पोटभर जेवून मग मीठ कमी होतं म्हणतात, स्वतःच्या घरी मात्र ब्र काढत नाहीत रे म्हाराजा! भावोजी डोळे मिटून उभे होते. त्यांनी भक्तिभावानं ‘होय म्हाराजा’ म्हटलं आणि मग एक डोळा उघडला. तोवर मी माझ्याच घरात शिरलो होतो: दर्शनाशी वाद घालू नये, तीच बरोबर असते, पण हे तिला कळू देऊ नये रे म्हाराजा! इथं बाकीचे चाचरले, पण एक होय म्हाराजा मात्र स्पष्ट आला. आमच्या घरातूनच. मग कुजबुज सुरू झाली, आणि अप्पांच्या घराखालचं तुझं वेगळं पान येणार तोच विनीतनं माझा मोबाइल हिसकावून घेतला. देवाशपथ तुझ्याविषयी एक अक्षर वाचलं नाही. फक्त कोंडीरामकाका म्हणाले, “थांबलंस कित्याक रे? बरा चललेला.”

तेव्हापासून मी वाळीत. मी गाऱ्हाणं घालणार असेन तर आपण गणपतीला येणार नाही, असं विनीतनं ग्रुपवर लिहिलं, त्याला सतरा अंगठे आले (एक भावोजींचा). अनिश म्हणतो, टॅग तुम्ही हलवलात, मी कशाला येऊ निस्तरायला? तेवढं एक बरं झालं, की काकांची खाट दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीत गेली. आता थंडी वाजते म्हणून तक्रार करतात. तेव्हा ताई, माझी मागणी एवढीच, की अनिशला रविवारी पाठव. त्यानं ‘आतलं’ पुन्हा आत घालून द्यावं आणि विनीतला सांगावं, की चूक यंत्राची होती. गाऱ्हाणं माझ्याकडेच राहील, सगळं पूर्ववत होईल.

भावोजींना नमस्कार, अनिशला अर्धा. गुडघ्याला तेल चोळत जा.

तुझा,
आनंदा

ता. क. वर देवाशपथ म्हटलंय ते खोटं आहे. विनीतनं मोबाइल हिसकावलाच नाही. तुझं पान मी वाचलं. भावोजींनी येऊन सांगितलं असणार आणि बाकीच्यांनी त्यात पदरचं घातलं असणार, म्हणून जसंच्या तसं उतरवतो: “नलूताईला अप्पांचं गाऱ्हाणं पहिल्यापासून तोंडपाठ. अप्पा गेले त्या वर्षी तिनं विचारलं, मी घालू का? मी म्हणालो, बायका घालत नाहीत. अप्पा असं कधीच म्हणाले नव्हते. मला येत नव्हतं आणि ते उघडं पडलं असतं.” मागची कुजबुज थांबली आणि पुन्हा सगळे म्हणाले, होय म्हाराजा. ह्या वेळी सवयीनं नव्हे गं, ऐकून म्हणाले. मग मोबाइल माझ्या हातातून आपणच खाली पडला. लाज वाटली मला, अजून वाटते.

ता. ता. क. अनिशला नको पाठवूस. माझे टॅग मी बघीन. तू ये. गणपतीच्या पहिल्या दिवशी गाऱ्हाणं तू घाल. खुर्चीत बसून घाल, देवाला तुझा गुडघा माहीत आहे. कुणी तोंड वाकडं केलं तर त्याचं पान माझ्याकडे आहे, हे त्याला आता ठाऊक आहे. विकीतलं गाऱ्हाण्याचं पान मी कोरं केलंय. भावोजींच्या पानात मिठाची वाटी वेगळी ठेवू.

(ताई, पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलं. मूळ पत्रात ता. क. नव्हते, ते मी लिहायला लावले. बाकी वरचं सगळं खरं आहे. होय म्हाराजा. – दर्शना)